थ्रेशरला वाघ करा, पण बाबांना ‘बाय’ लावू नका

प्रश्न : मॅडम, मी बारावी आर्ट्सला आहे. आर्णी तालुक्यातल्या खेड्यातून एसटीनं कॉलेजला जाते. फिगर्स ऑफ स्पीचच्या व्याख्या पाठ आहेत, पण कवितेची ओळ समोर आली की सिमिली कोणती अन् मेटाफर कोणता, समजूनच नाही राहिलं. ग्रामरमध्ये व्हॉइस आणि इनडायरेक्ट हमखास चुकते. सुट्टीत कापूस वेचायलाही जावं लागते. एखादं गाईड घेऊ का?
– एक विद्यार्थिनी, जि. यवतमाळ

उत्तर : गाईडचे पैसे वाचव, बेटा. त्यातही व्याख्याच असतात आणि त्या तुला येतातच. वाक्यं मात्र तू स्वतः करायला पाहिजेत.

तुमच्याकडे सोयाबीन काढायला थ्रेशर येत असेलच. त्याच्यावरच वाक्य कर. ‘द थ्रेशर रोअर्स लाइक अ टायगर.’ लाइक आला, दोन वेगळ्या जातीच्या गोष्टींची तुलना झाली, म्हणून सिमिली. आता लाइक काढून टाक : ‘द थ्रेशर इज अ टायगर.’ झाला मेटाफर. मराठीच्या तासाला उपमा आणि रूपक शिकलीस ना, तेच हे. ‘द थ्रेशर इज हंग्री टुडे’ म्हटलंस की यंत्राला माणसासारखी भूक लागली, ते पर्सोनिफिकेशन. त्याच्याशीच बोलायला लागलीस, ‘ओ थ्रेशर, व्हेन विल यू स्टॉप?’, की अपॉस्ट्रॉफी. आणि ‘दिस थ्रेशर कॅन स्वॉलो द होल ऑफ विदर्भा’ ही आपली अतिशयोक्ती, म्हणजे हायपरबोल. यंत्र तेच, वाक्य फिरलं की अलंकार फिरतो. असं एकदा स्वतः फिरवून पाहिलंस की कवितेतल्या ओळीचं भ्यावं वाटणार नाही.

पण लाइक दिसला की डोळे झाकून सिमिली लिहायचं नाही. ‘आय लाइक टी’मध्ये कसली आली उपमा! ‘सीता इज ॲज टॉल ॲज गीता’ हीसुद्धा सिमिली नाही. दोघी मुलीच, नुसती उंची मोजली.

अलिटरेशन, म्हणजे एकाच आवाजानं सुरू होणारे शब्द जवळजवळ येणं, कानानं ओळखायचं. ‘नाइफ’चं स्पेलिंग के अक्षरानं सुरू होतं, ‘किंग’चंही. तरी ते अलिटरेशन नाही, कारण नाइफमधला के बोलतच नाही. उलट ‘फोन’ आणि ‘फॅन’ यांची स्पेलिंगं वेगळी, पण आवाज एकच, म्हणून चालतं. ओळ मोठ्यानं वाच. बांधावर वाचलीस तरी कोणी हसणार नाही, आणि हसलं तर हसू दे.

पेपरात नुसतं अलंकाराचं नाव लिहून थांबू नकोस. नाव, ओळीतले नेमके शब्द, आणि कशाची कशाशी तुलना केली, हे तिन्ही दोन वाक्यांत आलं पाहिजे.

आता व्हॉइस. इथं मात्र मराठीच घात करते. ‘बाबांनी कापूस विकला’ याला मराठीच्या तासाला आपण कर्मणी प्रयोग म्हणतो, कारण विकला हे क्रियापद कापसाप्रमाणे चालतं. तूर असती तर ‘विकली’ झालं असतं. ते डोक्यात बसलेलं, त्यात ‘नी’ दिसतो, म्हणून पोट्टे सरळ ‘बाय फादर’ लिहून मोकळे होतात. इंग्रजीत ते साधं ॲक्टिव्ह आहे : ‘फादर सोल्ड द कॉटन.’ ‘द कॉटन वॉज सोल्ड बाय फादर’ झालं की पॅसिव्ह. ‘नी’कडे पाहू नकोस, सब्जेक्ट स्वतः काम करतो का तेवढं पाहा. आणि गो, स्लीप, अराइव्ह या क्रियापदांना कर्मच नसतं, म्हणून त्यांचं पॅसिव्ह होत नाही. होत नाही म्हणजे नाही, खटपट करू नकोस.

इनडायरेक्टचंही तसंच. आपण ‘तो म्हणाला की मी आजारी आहे’ असं बोलतो. ‘मी’ तसाच राहतो, ‘आहे’ तसंच राहतं. इंग्रजीत ‘ही सेड दॅट ही वॉज इल’ : आय जाऊन ही आला, ॲम जाऊन वॉज आला. सूर्य पूर्वेला उगवतो असं कायमचं सत्य असेल तर काळ तसाच ठेवला तरी चालतो. म्हणून आधी दोन गोष्टींवर बोट ठेव, कोण बोललं आणि सेड आहे की सेज. सेज असेल तर काळ बदलायचा नाही.

लेखी पेपर ८० गुणांचा आहे, तोंडी २०. तोंडीला घाबरणाऱ्या मुली दरवर्षी पत्र लिहितात, तू त्याबद्दल विचारलं नाहीस, बरं वाटलं. कापूस वेचताना पुस्तक उघडता येत नाही, पण समोर दिसेल त्यावर एक वाक्य ॲक्टिव्ह आणि एक पॅसिव्ह तोंडातल्या तोंडात करता येतं. संध्याकाळी ती वाक्यं वहीत उतरव आणि कॉलेजात तुमच्या इंग्रजीच्या सरांना दाखव. सर कंटाळले, तर माझ्याकडे पाठव.

हो, आणि ‘नो सूनर’नंतर ‘दॅन’च येतो, ‘व्हेन’ नाही. ‘नो सूनर डिड द बस स्टॉप दॅन वी गॉट इन.’ डिड आला म्हणून ‘स्टॉप्ट’चं ‘स्टॉप’ झालं, ते विसरू नकोस.