कामकल्पना रंगवताना मनात परका माणूस येतो म्हणजे मला तो खरंच हवा असतो का?

नाही. इथेच थांबले असते, पण लग्नाला नऊ वर्षं झालेल्या तुम्ही पुढे "नवऱ्याला सांगू का?" असंही विचारलंय, आणि ती माझी दुखरी नस आहे.

मी सांगितलं होतं. एका समुपदेशकबाईंनी "एकमेकांपासून काही लपवू नका" असं बजावलं म्हणून. माझ्या डोक्यात रात्रीची रेल्वे असते, रिकामा डबा, एक अनोळखी माणूस. त्याला धड चेहराही नाही. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोण आहे तो?" तेव्हापासून मी एकटी चिपळूणला निघाले की कोकणकन्या सोडून हा एसटीचं तिकीट काढून आणतो!

खऱ्या डब्यात कुणी परका जवळ सरकला तर मी साखळी ओढेन. कल्पनेत तो काय करणार, कधी थांबणार, हे मी ठरवते. मी त्यात कितीही असहाय असले तरी पटकथा माझीच. खऱ्या माणसाला स्वतःचं मन असतं, घामाचा वास असतो, दुसऱ्या दिवशी त्याचे फोन येतात. आपण कुणाला तरी अनावर हवेसे वाटतोय, ही त्यातली खरी चव. माणूस निमित्ताला.

नवऱ्याचं एकच पालुपद, "मनात आलं म्हणजे हवंच असणार." हाच माणूस दर मीटिंगनंतर सोसायटीच्या चेअरमनला मनातल्या मनात गच्चीवरून ढकलतो. मी अजून पोलीस बोलावलेले नाहीत.

कॅनडातल्या क्वेबेकमध्ये १,५१६ प्रौढांना ५५ कामकल्पनांबद्दल विचारलं होतं. २०१४ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. खरोखर दुर्मीळ म्हणाव्यात अशा दोनच निघाल्या. शरण जाण्याच्या कल्पना रंगवणाऱ्या बऱ्याच बायकांनी स्पष्ट सांगितलं, प्रत्यक्षात हे कधीच नको. बहुतेक पुरुषांना मात्र आपल्या कल्पना खऱ्या झालेल्या आवडल्या असत्या. म्हणजे आमच्याकडे संशय कुठून आला बघा. स्वतःच्या मापाने माझं मोजलं.

तेव्हा सांगू नका. "तू मागे लागलास की मला आवडतं" एवढं सांगा, तेवढं प्रत्यक्षात आणता येतं. अगदीच राहवलं नाही तर आधी त्याच्या डोक्यात कोण असतं ते विचारा. आमच्याकडे या प्रश्नाचं उत्तर अजून यायचंय.

सगळे नवरे असे नसतात, मान्य. काही जोडपी हे बोलतात आणि मजेत असतात. आणि विचार नकोसे, किळसवाणे असूनही सुटत नसतील, लहान मुलांबद्दल असतील किंवा कुणाला खरंच इजा करावीशी वाटत असेल, तर इथे विचारत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. तुमचं तसं काही दिसत नाही.