लहान बेटावर वेळापत्रक भरतीचं ठेवा

सहा दिवसांची सुट्टी, उष्ण कटिबंधातलं लहानसं बेट, तुम्ही दोघंच. रोज दोन-दोन सहली धरूनही तिसऱ्या दिवशीची दुपार रिकामी राहतेय, तिथे काय करावं, असं तुम्ही विचारलंय. ती दुपार तशीच राहू द्या. शक्य असेल तर आणखी तीन दुपारी मोकळ्या करा.

मी पहिल्यांदा अशा बेटावर गेलो तेव्हा तासातासाची आखणी करून गेलो होतो. परतताना फोटो भरपूर होते, पण जो शीण घालवायला गेलो तो तसाच अंगात होता. त्यानंतरच्या प्रत्येक खेपेला आखणी कमी करत आलो. दोन तासांत चालून संपणाऱ्या बेटावर बघायच्या जागा मोजक्याच असतात. पण तीच जागा दिवसभरात चार वेळा वेगळी होते, आणि ते घडवते भरती-ओहोटी.

म्हणून पोहोचल्याबरोबर पहिलं काम म्हणजे त्या आठवड्याच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहून घेणं. बहुतेक ठिकाणी दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात, आणि वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. ‘रोज सकाळी नऊला पोहायचं’ हा बेत त्यामुळेच फसतो. पहिल्या दिवशी नऊला छातीभर पाणी असतं, तर पाच-सहा दिवसांनी त्याच वेळी ते घोट्याएवढं उरून खाली प्रवाळ उघडे पडलेले असतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, पाण्याची ओढही जास्त असते. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी कमी हलतं. तारखा तुमच्या हातात असतील तर नवख्यांनी भांगाचे दिवस धरावेत. पोहणं भरतीला, चालणं ओहोटीला, एवढं पाळलंत तरी पुरे.

ओहोटीच्या वेळी खडकांतल्या एखाद्या डबक्याशी न हलता बसून बघा. शंखात राहणारा एक खेकडा मी असाच पाहिला होता. त्याला एक रिकामा शंख सापडला. आधी पायांनी त्याने शंखाचं तोंड चाचपलं, मग आत नांगी घालून वाळू उपसली. पुन्हा चाचपलं. मग क्षणात आपलं मऊ, वळलेलं पोट जुन्या शंखातून ओढून नव्यात घातलं. या सगळ्यात अर्धा तास गेला असेल. तेव्हापासून मी किनाऱ्यावरचा एकही शंख उचललेला नाही, तुम्हीही उचलू नका. ते कुणाचं तरी पुढचं घर असतं.

उन्हाबद्दल मात्र आळस नको. कोरडी वाळू अतिनील किरणांपैकी सुमारे १५ टक्के परत फेकते, लाटांचा फेस २५ टक्के. त्यामुळे छत्रीखाली बसूनही त्वचा भाजते. पाण्यात पालथं पडून मासे बघताना पाठ कधी करपली ते कळतच नाही, कारण गार वाटत असतं. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घाला. तो सनस्क्रीनपेक्षा भरवशाचा, आणि प्रवाळांनाही बरा. पलाऊ या प्रशांत महासागरातल्या बेटराष्ट्राने २०२० पासून आणि अमेरिकेच्या हवाई राज्याने २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन हे रसायन असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी घातली, ती प्रवाळांसाठीच. प्रवाळावर उभं राहू नका, तो जिवंत असतो. शिवाय त्याने कापलेली जखम लवकर भरत नाही.

पायाखालची पांढरी वाळूही बरीचशी प्रवाळाचीच. पोपटमासे प्रवाळ कुरतडतात आणि त्याचा चुरा विष्ठेतून बाहेर टाकतात. पाण्याखाली डोकं घालून शांत राहिलात तर ती करकर चक्क ऐकू येते.

किनाऱ्यावर आलेलं पाणी कधीकधी एका अरुंद पट्ट्यातून जोरात समुद्राकडे परत जातं. दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मधेच एक शांत, गडद पट्टा दिसतोय, तर तिथे उतरू नका. सापडलातच तर किनाऱ्याकडे झुंजत बसू नका. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडा, मग आत वळा.

गोडं पाणी जपून वापरा. अनेक लहान बेटांवर पावसाचं मुरलेलं पाणी खाऱ्या पाण्यावर भिंगासारखं तरंगत असतं. जास्त उपसा झाला की खालून खारं पाणी वर चढतं.

तुमच्या यादीतली सूर्यास्ताची बोट मात्र ठेवा. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, संधिप्रकाश थोडाच वेळ टिकतो, त्यामुळे वेळेआधी जाऊन बसा. आणि परतीचं विमान तुम्ही बेटावरून बोटीने निघण्याच्या दिवशीच धरलंय, ते बदला. वारा वाढला की बोटी सुटत नाहीत. शेवटची रात्र विमानतळाच्या बाजूला काढा.