अठराव्या वर्षी सुरुवात करून व्यावसायिक ऑस्ट्रेलियन फुटबॉलपटू होता येते का? जिम स्टाइन्सची कारकीर्द

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: मेलबर्नमध्ये वाढलेला आपला भाचा सतरा वर्षांचा आहे, त्याची उंची सहा फूट चार इंच आहे, आजवर तो केवळ बास्केटबॉल खेळला आहे आणि आता त्याला ऑस्ट्रेलियन फुटबॉल, म्हणजे इथली ‘फूटी’, व्यवसाय म्हणून खेळायची आहे. इथली मुले हा लंबगोल चेंडू शाळेत जाण्याआधीपासून हाताळत असतात, मग याला आता कोण विचारणार, अशी घरच्यांची शंका आहे. मेलबर्नमध्ये राहून मी अनेक वर्षे हा खेळ जवळून पाहत आलो आहे आणि माझ्या मते असे होणे शक्य आहे. मात्र उंचीच्या जोरावर फार तर चाचणीला बोलावणे येईल. त्यापुढचा प्रवास कशावर ठरतो हे समजून घ्यायचे असेल, तर भाच्याने जिम स्टाइन्सची कारकीर्द नीट अभ्यासावी असे मी सुचवेन.

स्टाइन्सचा जन्म १९६६ साली डब्लिनमध्ये झाला. तो गेलिक फुटबॉल, म्हणजे आयर्लंडचा देशी फुटबॉल, खेळत असे आणि १९८४ मध्ये डब्लिनच्या कुमार संघातून त्याने अखिल आयर्लंड विजेतेपदही मिळवले होते. त्या काळात मेलबर्न क्लबचे प्रशिक्षक रॉन बरासी यांच्या पुढाकाराने आयर्लंडमधून उंच, चपळ मुले आणून त्यांना ऑस्ट्रेलियन फुटबॉल शिकवण्याचा प्रयोग चालू होता. क्लबने आयर्लंडमधील वर्तमानपत्रात जाहिरात दिली, शिक्षणाचा खर्च उचलण्याची तयारी दाखवली, आणि अठरा वर्षांचा स्टाइन्स १९८४ च्या अखेरीस मेलबर्नला आला. गेलिक फुटबॉलमध्येही चेंडू हातात झेलतात, पायाने लाथाडतात आणि हाताने मारतात. परंतु तो चेंडू गोल असतो. लंबगोल चेंडू कोणत्या बाजूवर टेकला त्यावर त्याची उसळी ठरते, आणि धावताना दर पंधरा मीटरच्या आत तो जमिनीवर टेकवावाच लागतो. लहानपणापासून सवय नसलेल्या मुलाची अडचण इथेच सुरू होते, कारण मनात चेंडूचा विचार आला की पाय मंदावतात, आणि पाय मंदावले की प्रतिस्पर्धी खांद्यावर येऊन आदळतो.

आता आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा भाग. स्टाइन्स आला आणि लगेच वरिष्ठ संघात गेला असे झाले नाही. १९८५ मध्ये तो क्लबच्या एकोणीस वर्षांखालील संघात खेळला, नंतर त्याला प्राहरान या खालच्या स्पर्धेतील क्लबाकडे पाठवण्यात आले, आणि वरिष्ठ संघातील पहिला सामना त्याला १९८७ मध्ये मिळाला. म्हणजे चेंडू हातात घेतल्यापासून दोनहून अधिक वर्षे त्याने अशा मैदानांवर घालवली जिथे चुका झाल्या तरी त्यांची बातमी होत नाही. उशिरा सुरुवात करणाऱ्याला सर्वाधिक गरज असते ती अशा काळाची, आणि हा काळ देण्याचा संयम दाखवणारा क्लब भेटणे हा भाग्याचा भाग आहे, हे मान्य केले पाहिजे.

त्याच पहिल्या हंगामात जे घडले ते ऑस्ट्रेलियात आजही सांगितले जाते. मेलबर्न संघ १९६४ नंतर प्रथमच बाद फेरीत पोहोचला होता आणि अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर हॉथॉर्नविरुद्ध अखेरच्या क्षणी चार गुणांनी पुढे होता. हॉथॉर्नच्या गॅरी बकेनाराला फ्री किक मिळाली, पण ती इतक्या लांबून होती की गोल होणे अवघड होते. नियम असा की अशा वेळी विरोधी संघाचा एकच खेळाडू ठरलेल्या खुणेवर उभा राहतो. चेंडू मारणारा आणि तो यांच्यामधून इतर कोणी जायचे नाही. स्टाइन्स आपल्या प्रतिस्पर्ध्याचा पाठलाग करत नेमका तिथूनच धावत गेला. पंचांनी पंधरा मीटरचा दंड दिला, बकेनारा तेवढा पुढे आला, आणि भोंगा वाजून गेल्यावर त्याने मारलेल्या किकवर सहा गुणांचा गोल झाला. मेलबर्न दोन गुणांनी हरले. लहानपणापासून खेळणाऱ्याच्या पायांना ती रेषा आपोआप कळते; स्टाइन्सला ती आठवावी लागत होती, आणि दमलेल्या शरीराला त्या क्षणी ती आठवली नाही. सामना संपल्यावर प्रशिक्षक जॉन नॉर्दी यांनी त्याला खडसावल्याचे चित्रीकरण दूरचित्रवाणीवर सर्वांनी पाहिले.

एकवीस वर्षांच्या, घरापासून इतक्या दूर असलेल्या मुलाने त्यानंतर परतीचे तिकीट काढले असते तरी कोणी दोष दिला नसता. स्टाइन्स पुढचा हंगामही खेळला, त्यानंतरचाही खेळला, आणि १९८७ च्या उत्तरार्धापासून १९९८ पर्यंत त्याने एकही सामना न चुकवता सलग २४४ सामने खेळून दाखवले. हा विक्रम मला या कारकिर्दीचा गाभा वाटतो. त्याचे एकूण सामने २६४. म्हणजे या अखंड साखळीबाहेर उरतात ते केवळ वीस. बरगड्यांना जबर मार बसल्यानंतर काही आठवड्यांची विश्रांती अटळ मानली जात असतानाही तो चाचणी देऊन मैदानात उतरला होता. अखेरीस हाताचे हाड मोडल्यामुळे ही साखळी तुटली. (आजच्या वैद्यकीय समजुतीनुसार दुखापतीत खेळत राहणे योग्य मानले जात नाही, आणि भाच्याने तेवढे त्याच्याकडून घेऊ नये.)

त्याचे स्थान होते रकमनचे. रकमन हा संघातला सर्वांत उंच खेळाडू असतो. पंच चेंडू हवेत उडवतात तेव्हा दोन्ही संघांचे रकमन उडी मारून तो आपल्या साथीदाराकडे ढकलतात. त्या काळचे रकमन बहुधा अवजड असत आणि एका झटापटीपासून दुसरीपर्यंत सावकाश जात. जवळजवळ दोन मीटर उंचीचा स्टाइन्स उडी मारून थांबत नसे, तो मधल्या फळीतल्या खेळाडूसारखा मैदानभर धावत राही आणि चेंडू झेलायला पुन्हा हजर असे. सामन्याच्या चौथ्या सत्रात प्रतिस्पर्धी रकमन थकलेला असताना त्याचा दम टिकून असे. चेंडू हाताळण्यात तो इतरांची बरोबरी लवकर करू शकला नाही, पण ज्या एका गोष्टीत इतरांना त्याची बरोबरी करता येत नव्हती तिच्यावर त्याने खेळ उभा केला. १९९१ मध्ये त्याला ब्राउनलो पदक मिळाले. हंगामातील सर्वोत्तम खेळाडूचे हे पदक पंचांच्या मतांवर ठरते, आणि परदेशातून येऊन हा खेळ नव्याने शिकलेल्या खेळाडूंपैकी ते केवळ त्यालाच मिळाले आहे. मेलबर्न क्लबचा वर्षातील सर्वोत्तम खेळाडू तो चार वेळा ठरला, त्यांतील तीन वेळा १९९५ ते १९९७ अशी सलग, म्हणजे वयाच्या तिशीच्या आसपास. विजेतेपद मात्र त्याच्या नशिबी नव्हते. १९८८ चा अंतिम सामना मेलबर्न ९६ गुणांनी हरले.

निवृत्तीनंतरचे थोडक्यात सांगतो. खेळत असतानाच १९९४ मध्ये त्याने पॉल करी यांच्यासोबत किशोरवयीन मुलांसाठी ‘रीच’ ही संस्था काढली होती. २००८ मध्ये तो कर्जात बुडालेल्या मेलबर्न क्लबचा अध्यक्ष झाला, पुढच्याच वर्षी कर्करोगाचे निदान झाले, आणि उपचार चालू असताना त्याने ते कर्ज फेडून घेतले. २० मार्च २०१२ रोजी वयाच्या ४५ व्या वर्षी तो गेला. व्हिक्टोरिया राज्याने त्याला शासकीय इतमामाने निरोप दिला.

हे एकच उदाहरण नाही. आयर्लंडमधील केरीचा टाइग केनेली २००५ मध्ये सिडनीसोबत विजेता ठरला, आयर्लंडच्याच झॅक टूही याने २०२३ मध्ये स्टाइन्सचा २६४ सामन्यांचा आकडा ओलांडला. आपल्या भाच्याच्या सर्वांत जवळचे उदाहरण मेसन कॉक्सचे आहे: टेक्सासचा हा बास्केटबॉलपटू विशी ओलांडल्यावर हा खेळ शिकला आणि २०२३ मध्ये कॉलिंगवूडसोबत विजेता झाला. पण तो सहा फूट अकरा इंचांचा आहे. आजच्या व्यावसायिक संघांत सहा फूट चार इंच ही रकमनसाठी कमी उंची आहे. तेव्हा भाच्याला बचाव किंवा आक्रमणाच्या फळीतले स्थान धरून तयारी करावी लागेल, आणि तिथे झेल व किक यांची अचूकता अधिक लागते.

एक नियम मात्र घरात बसून नीट समजून घ्यावा. निदान तीन वर्षे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या कोणत्याही स्पर्धेत नोंदणी नसलेल्या, दुसऱ्या खेळातून येणाऱ्या खेळाडूला क्लब ‘कॅटेगरी बी रूकी’ म्हणून ड्राफ्टच्या (क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या पद्धतीच्या) रांगेबाहेरून थेट घेऊ शकतात. कॉक्स याच वाटेने आला. भाच्याने या हंगामात स्थानिक क्लबात नाव घातले, तर ही वाट त्याच्यासाठी बंद होऊ शकते. म्हणून काही पालक मुलाला मुद्दाम थांबवतात. माझ्या मते तसे करू नये. ही जागा बहुतेक वेळा त्यांनाच मिळते ज्यांच्या बास्केटबॉलवर क्लबांच्या निवडकर्त्यांची आधीच नजर आहे. असे कोणी आजवर संपर्कात आले नसेल, तर तीन वर्षे चेंडूपासून दूर राहून हाती काही लागणार नाही. त्याने आधी आपल्या बास्केटबॉल प्रशिक्षकांना विचारावे की कोणत्या क्लबने चौकशी केली आहे का. केली नसेल, तर स्थानिक क्लबात अठरा वर्षांखालील संघात खेळावे, जमल्यास कोट्स टॅलेंट लीग या होतकरू तरुण खेळाडूंच्या स्पर्धेच्या निवड चाचणीला जावे, आणि ड्राफ्टमध्ये नाव आले नाही तरी व्हीएफएलमध्ये, म्हणजे अव्वल स्पर्धेच्या खालच्या पातळीवरील स्पर्धेत, दोन हंगाम देण्याची मनाची तयारी ठेवावी. २०१९ पासून हंगामाच्या मध्यावरही ड्राफ्ट होतो आणि त्यात व्हीएफएलमधले, वयाने थोडे मोठे खेळाडू घेतले जातात. शिक्षण सोडण्याची गरज यात कुठेच नाही; स्टाइन्सनेही ते खेळासोबतच पूर्ण केले.