'इनइलॅस्टिक' म्हणजे 'अलवचिक' का?

प्रश्न असा आहे: पॉलिइथिलीन, पॉलिप्रॉपिलीन यांसारख्या अर्धस्फटिकी (अंशतः स्फटिकी) बहुवारिकांच्या (पॉलिमरांच्या) गणिती प्रतिमानांवर (मॉडेलांवर) मराठीत लिहिताना 'इनइलॅस्टिक'ला 'अलवचिक' आणि 'डॅमेज'ला 'झीज' म्हणावे का?

दोन्ही नकोत. लवचिक म्हणजे सहज लवणारे. दोरी लवते, पण सोडल्यावर परत येत नाही. पोलादी सळई सहजी लवत नाही, पण किंचित वाकवून सोडली की सरळ होते. इथे मुद्दा परतण्याचा आहे, म्हणून शब्द 'स्थितिस्थापक'. तो जुना आहे: न्याय-वैशेषिक दर्शनांनी संस्कार या गुणाचे वेग, भावना आणि स्थितिस्थापक असे तीन प्रकार मानले, आणि तिसऱ्याचे उदाहरण पूर्ववत होणाऱ्या चटईचे दिले. तेव्हा 'इनइलॅस्टिक' म्हणजे 'अस्थितिस्थापक'.

मात्र त्याचा अर्थ 'कायमची विकृती' (आकारबदल) असा करू नये. भाषांतर इथे चुकू शकते. पॉलिप्रॉपिलीनची पट्टी १० टक्के ताणून सोडली, तर काही ताण लगेच परततो, काही पुढच्या काही तासांत, आणि काही उरतो. मधला भाग श्यान-स्थितिस्थापक (व्हिस्कोइलॅस्टिक, हळूहळू परतणारा), उरलेला आकार्य (प्लॅस्टिक, न परतणारा). सोडल्याबरोबर मोजमाप घेतले तर श्यान-स्थितिस्थापक भागही आकार्यात जमा होतो आणि प्रतिमानातले स्थिरांक बिघडतात. म्हणून किती वेळ थांबून मोजले, ते आकड्याशेजारी लिहावेच. स्फटिकी पापुद्रे एकमेकांवरून घसरतात आणि त्यांच्यामधल्या अस्फटिकी रेणुसाखळ्या हळूहळू पूर्ववत होऊ पाहतात, त्यामुळे हे दोन्ही भाग एकाच पट्टीत एकदमच घडत असतात.

'झीज' घासून होते, पृष्ठभागावर. इथे आत सूक्ष्म पोकळ्या पडतात, पट्टी पांढरी दिसू लागते आणि ताठपणा उतरतो. याला 'क्षती' म्हणावे. १९५८ साली सोव्हिएत यामिकीतज्ज्ञ काचानोव्हने मांडलेल्या विचारातून आलेल्या रूढ सूत्रात उरलेला ताठपणा म्हणजे मूळ ताठपणा गुणिले (१ वजा क्षती). पण आलेखावरची भार उतरवतानाची रेषा या पदार्थांत वक्र असते. तिचा उतार कमी दिसला की सगळा दोष क्षतीला देऊ नये, त्यात श्यानतेचाही (वेळेवर अवलंबून असलेल्या संथ प्रतिसादाचाही) वाटा असतो.

'नेकिंग'ला (ताणताना पट्टी एका जागी बारीक होण्याला) 'मान पडणे' हा सरळ शब्द मला आवडतो. मान पडली की मूळ छेदावर काढलेले प्रतिबल (स्ट्रेस, म्हणजे छेदाच्या क्षेत्रफळाने भागलेले बल) घसरते. ती घसरण म्हणजे क्षती नव्हे. खरे प्रतिबल हवे तर मानेची रुंदी आणि जाडी दोन्ही मोजावी लागतात. घनफळ बदलत नाही असे धरून फक्त लांबीवरून छेद काढला, तर पोकळ्यांमुळे फुगलेला खरा छेद त्याहून मोठा असतो आणि प्रतिबल फाजील येते.