तीन टीमची तीन मॉडेलं जोडून एकच मोठं मॉडेल करावं का?

तुमचा प्रश्न असा, की पंपिंग प्लांटच्या सॉफ्टवेअरसाठी मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि कंट्रोलवाल्यांनी आपापली मॉडेलं (म्हणजे यंत्रणेची कॉम्प्युटरवरची आकृत्यांतली वर्णनं) काढलीत, कोड त्यांवरूनच जनरेट करायचाय, तर आधी सगळं एकत्र करावं का? माझं मत विचाराल तर करू नका.

मी बडोद्यात, मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत, याच कामात आहे (मीटिंग निम्मी गुजरातीत, मॉडेलं तरीही तीनच). एकच पंप घ्या, पी-१०१. मेकॅनिकलच्या मॉडेलमध्ये त्याची पॉवर १४ किलोवॉट, इलेक्ट्रिकलच्या मॉडेलमध्ये १८.५. चूक कुणाचीच नाही. पहिला आकडा पंपाला शाफ्टवर लागणाऱ्या पॉवरचा, दुसरा मोटरच्या रेटिंगचा. पण दोन्हीकडे घटक पी-१०१ आणि गुणधर्म 'पॉवर', त्यामुळे नावावरून जुळवणारं टूल त्याला कॉन्फ्लिक्ट म्हणतं. तुम्ही एक बाजू निवडता आणि दुसरा आकडा जातो. पुढे ओव्हरलोड रिलेचं (जास्त करंट गेला की मोटर बंद करणाऱ्या उपकरणाचं) सेटिंग १४ वरून जनरेट झालं, तर मोटर ठणठणीत असूनही ट्रिप होऊ शकते, म्हणजे आपोआप बंद पडू शकते. विलीन करणं टूल करतंच हो, खरी डोकेफोड जुळवण्यात आहे.

म्हणून तिन्ही मॉडेलं जिथल्या तिथे ठेवा आणि चौथं, फक्त दुव्यांचं, छोटं मॉडेल करा: हा पंप त्या मोटरवर चालतो, ती मोटर या स्टेट मशीनच्या (कंट्रोलवाल्यांच्या, 'बंद', 'चालू' अशा अवस्था आणि त्यांतले बदल दाखवणाऱ्या मॉडेलच्या) ताब्यात. प्रत्येक दुव्याला नियम जोडा. उदाहरणार्थ, रेटिंग शाफ्टच्या पॉवरच्या किमान १.२५ पट हवं. १४ ला १७.५ येतात, १८.५ ची मोटर पास. उद्या कुणी इम्पेलर (पंपातलं फिरणारं चाक) बदलून पॉवर १६ केली, की २० लागतात आणि बिल्ड, म्हणजे कोड तयार होण्याची प्रक्रिया, तिथेच अडतो. स्टेट मशीनमधली प्रत्येक कमांड क्लास डायग्राममध्ये (सॉफ्टवेअरचे घटक आणि त्यांची कामं दाखवणाऱ्या आकृतीत) आहे का, हेही असंच तपासता येतं. एक्लिप्स या सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या एप्सिलॉन या टूलसंचातली ईव्हीएल ही नियम लिहायची भाषा एका नियमात अनेक मॉडेलं वाचते, तिथून सुरुवात करा.

ही माझी अक्कल नव्हे. अँडी शुर यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या ट्रिपल ग्राफ ग्रामर या पद्धतीची रचना हीच: दोन बाजूंना दोन मॉडेलं, मध्ये दुव्यांचा ग्राफ. आयएसओ ४२०१० या आर्किटेक्चरच्या वर्णनाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०११ च्या आवृत्तीतही अशा दुव्यांना जागा आहे.

विलीन करायचंच तर एकाच मॉडेलच्या दोन प्रती दोघांनी बदलल्या असतील तेव्हा. तिथे ईएमएफ कंपेअर हे मॉडेलं ताडून पाहणारं टूल मूळ प्रत समोर ठेवून तिहेरी तुलना करतं, बिनधास्त वापरा.

एक मात्र सांभाळा. दुवे आयडीवर (टूलने प्रत्येक घटकाला दिलेल्या ओळख-क्रमांकावर) बांधलेत आणि कुणी पंप डिलीट करून पुन्हा काढला, तर आयडी बदलतो आणि दुवा लोंबकळत राहतो. असे अनाथ दुवे पकडणारा नियम सगळ्यात आधी लिहा.