आधी त्याचं तोंड उघडून बघा

आदरणीय मावशी,

आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. मुलगा नववीत आहे. परवा कपडे धुवायला घेतले, तर त्याच्या शाळेच्या पॅन्टच्या खिशात खर्र्याची, म्हणजे तंबाखू-चुना लावून घोटलेल्या सुपारीची, पन्नी निघाली, अर्धी उरलेली. माझे हातपाय गळाले. विचारलं तर म्हणाला, मित्राची आहे. संध्याकाळी त्याच्या बाबांना सांगितलं. त्यांनी पट्ट्याने मारलं, तेव्हा कबूल झाला. सातवीपासून खातो म्हणाला.

मारताना यांच्या स्वतःच्या तोंडात खर्रा होता. दिवसाला चार-पाच होतात. मी बोलले की म्हणतात, "सारं गाव खाते, कोणाले काय झालं?" पोरगा लहान होता तेव्हापासून हेच त्याला ठेल्यावर पाठवत आले, "जा, एक खर्रा घोटून आण" म्हणून. ठेला शाळेच्या समोरच आहे आणि यांच्या चुलतभावाचा आहे, म्हणून तिथे काही बोलता येत नाही.

देवासमोर त्याला माझी शपथ घ्यायला लावली. दोन दिवसांनी पुन्हा तोंडाला वास. आता माझ्याशी बोलत नाही, अभ्यासात लक्ष नाही. जेवतानाही कटकट करतो, भाजी तिखट झाली म्हणून ताट सारतो. आधी असा नव्हता. त्याला नागपूरला वसतिगृहात ठेवू का? शाळेत सांगितलं तर नाव काढतील अशी भीती वाटते. काय करू?

एक आई

*

ताई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच ओळीवर थांबले. भाजी तिखट झाली म्हणून ताट सारतो, आधी असा नव्हता. तुम्ही ती तक्रार म्हणून लिहिली आहे. मला मात्र वाटतं, त्याचं तोंड जळत असावं.

वसतिगृहाचं, शाळेचं, ठेल्याचं सगळं बोलू. पण आधी त्याचं तोंड बघा. आजच. सकाळच्या उजेडात त्याला दारात बसवा आणि त्याचीच तीन बोटं, अंगठ्याजवळचं, मधलं आणि त्याच्या बाजूचं, एकावर एक उभी धरून समोरच्या वरच्या-खालच्या दातांच्या मध्ये घालायला सांगा. सहज गेली तर बरं. अडकली, किंवा दोनच गेली, तर तोंड आखडायला लागलं आहे असं समजा. गाल आतून गुलाबी आहेत की फिकट, पांढुरके पडले आहेत ते पाहा. हात धुऊन गालाच्या आतून बोट फिरवा, दोरीसारखे ताठ पट्टे लागतात का ते समजेल. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवडे न भरलेली जखम, जीभ पूर्वीइतकी बाहेर न येणं, हेही बघून ठेवा. आणि यातलं काही दिसो वा न दिसो, या आठवड्यात त्याला दाताच्या डॉक्टरांकडे न्या. जिल्हा रुग्णालयात दंत विभाग असतो. नागपूरला जाणं जमत असेल तर तिथे शासकीय दंत महाविद्यालय आहे. साधं तोंड आलेलं असेल तर तेही डॉक्टरच सांगतील. घरी बघून निदान करायचं नाही, फक्त उशीर करायचा नाही.

इतका आग्रह का धरते आहे ते सांगते. माझा थोरला भाऊ कॉलेजात असताना सुपारी-तंबाखू खायला लागला. काही वर्षांनी तो तिखटाला नावं ठेवू लागला, ठेचा सोडला, लोणचं सोडलं. आम्ही सगळे त्याला हसायचो, साहेबांचे जेवणाचे नखरे वाढले म्हणायचो. पस्तिशीत त्याला पोळीचा घास दुमडून, दाबून तोंडात सारावा लागे. पुढे तेही होईना, तेव्हा आई त्याला भाकरी दुधात कुस्करून देऊ लागली, लहानपणी द्यायची तशी. त्या नखऱ्यांच्या काळात त्याला कोणी हाताला धरून डॉक्टरकडे नेलं असतं तर बरंच काही वाचलं असतं. आमच्यापैकी कोणाच्याच ते लक्षात आलं नाही. तुमची ती ओळ वाचून मला आईची कुस्करलेली भाकरी आठवली.

या आजाराला डॉक्टर ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. त्याचं मुख्य कारण सुपारी. तिच्यातल्या द्रव्यांमुळे गालाच्या आतल्या मऊ अस्तराखाली तंतू साठत जातात, अस्तर ताठ होतं आणि जबडा उघडेनासा होतो. एकदा आखडलेलं तोंड पूर्ववत होणं फार अवघड. पण सुरुवातीलाच खाणं थांबलं तर आजार बहुधा तिथेच थांबतो, आणि औषधांनी, तोंडाच्या व्यायामांनी बराच आराम पडतो. खात राहिलं तर काहींमध्ये त्याच जागी कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच सुपारीला, नुसत्या सुपारीला, कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. तंबाखू त्या गटात आहेच.

म्हणून एक चूक करू नका, जी पुष्कळ घरांत होते: खर्रा सुटावा म्हणून साध्या सुपारीची किंवा गोड सुपारीची पुडी हातात देणं. चघळायला काही हवं असेल तर बडीशेप द्या, भाजलेली जवस द्या, फुटाणे द्या. आवळासुपारीत सुपारी फक्त नावातच, असतो आवळा, ती एरवी चालली असती; पण तोंड जळत असताना तिचं मीठ झोंबेल.

आता तुमच्या यजमानांचा प्रश्न. कोणाले काय झालं? ताई, ज्यांना झालं ते ठेल्यावर उभे नसतात, म्हणून दिसत नाहीत. भारतातल्या पुरुषांमध्ये सर्वांत जास्त आढळणाऱ्या कर्करोगांत तोंडाचा कर्करोग आहे. आणि 'सारं गाव' म्हणाल, तर २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूर न होणारी तंबाखू वापरत होते. तुमच्या भागात हे प्रमाण जास्त असेल, मला मान्य आहे. तरी राज्यातली पाऊण माणसं खात नाहीत. आपल्या गल्लीत सगळे खातात म्हणून जग खातं असं पोराला वाटतं, कारण बापाने त्याला तसंच सांगितलं आहे.

पट्ट्याबद्दल मी रागावून लिहिणार होते, पण त्या माणसालाही एक गोष्ट कळलेली नसावी. खर्र्यात चुना कशाला घालतात? चुन्यामुळे तंबाखूतलं निकोटीन मोकळं होतं आणि गालाच्या अस्तरातून काही मिनिटांत रक्तात उतरतं, तिथून मेंदूत. चुना नसेल तर इतकं चढत नाही. बारा-तेरा वर्षांच्या पोराचा मेंदू अजून घडत असतो, त्याला ही सवय मोठ्या माणसापेक्षा लवकर जडते आणि घट्ट बसते. तुमचा मुलगा दोन वर्षं खातो आहे. पन्नी सापडली त्या दिवशी त्याने मजा म्हणून खाल्लेला नाही, त्याला ती तलफ होती. पट्ट्याने तलफ जात नाही, ती लपते. शपथेनेही जात नाही. तुमच्या शपथेने मात्र एक झालं आहे: शपथ मोडल्यामुळे आपल्या आईला काही होईल, ही भीती घेऊन तो पोरगा वावरतो आहे, आणि म्हणून तुमच्याशी बोलत नाही. आज रात्री त्याच्या शेजारी बसा आणि म्हणा, "शपथ सुटली." लहानपणी आपण म्हणायचो तसंच. एवढ्याने तो बोलता होईल.

यजमानांशी वेगळं बोला, तो घरात नसताना. त्यांना फक्त एकच आठवण करून द्या: पहिला खर्रा पोराच्या हातात कोणी दिला? खाण्यासाठी नसेल दिला, आणण्यासाठी दिला. ठेल्याची वाट, किती चुना, किती घोटायचं, पैसे नसले तर कोणाच्या नावावर लिहायचं, हे सगळं तो बापासाठी शिकला. हे ऐकून ते चिडतील. चिडू द्या. मग सांगा की डॉक्टरांकडे दोघांनी जायचं आहे, बापाचंही तोंड बघायचं आहे, आणि दोघांनी एकाच दिवशी सोडायचं आहे. बाप घरात घोटत असताना पोराचं सुटेल, असं मला अजिबात वाटत नाही. निदान घरात खर्रा यायचा बंद होणं आणि पोराला पुन्हा कधीही ठेल्यावर न पाठवणं, याला मात्र नाही म्हणू देऊ नका.

सोडायचा दिवस ठरवा. परीक्षेच्या तोंडावर नको, सुट्टी लागून असेल असा. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत वाईट. चिडचिड, डोकं दुखणं, झोप न लागणं, सारखी भूक. पोट साफ होत नाही म्हणून पुष्कळजण याच दिवसांत परत जातात. "खर्र्याशिवाय होत नाही" हे तुम्ही यजमानांकडून ऐकलंच असेल. निकोटीनची सवय लागलेलं आतडं काही दिवस रुसतं. भरपूर पाणी, ताक, पालेभाज्या, पेरू, रात्री भिजवलेल्या मनुका. येतं ते वळणावर. तलफेचा झटका आला की तो काही मिनिटांत ओसरतो, तेवढी मिनिटं काढायची: गार पाणी घोटघोट, बडीशेप, अंगणात एक चक्कर. साधारण दोन ते चार आठवड्यांत त्रास बराच कमी होतो. या काळात त्याने ताट सारलं, दार आपटलं, तर उत्तर देऊ नका. बिनतिखटाचं वरण-भात समोर ठेवा आणि बाजूला व्हा. एखाद्या दिवशी पुन्हा खाल्ला तर दुसऱ्या दिवशी परत सुरू. बहुतेकांना दोन-चार वेळा प्रयत्न करावा लागतो.

मदतीसाठी फोन आहे: १८००-११-२३५६. पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलतात, आणि तो नंबर सिगारेट-तंबाखूच्या पुड्यांवर छापलेला असतो. तुमच्या हाती आलेल्या पन्नीवर तो नव्हता, कारण खर्रा सुटा घोटून देतात. कायद्याने पुडीचा ८५ टक्के भाग व्यापणारं ते कर्करोगाचं चित्रही त्यावर नसतं. या एका कारणाने पोरांना खर्रा घरगुती, निरुपद्रवी वाटतो. फोन बापलेकांनी शेजारी बसून लावावा. निकोटीनचा गम दुकानातून आणून मुलाला देऊ नका, त्याचं वय लहान आहे, डॉक्टर म्हणतील तसं.

वसतिगृह नको. इथून उचलून त्याला नागपूरला ठेवलंत, तर तिथेही ठेला आहे, आणि तिथे आई नाही.

शाळेत सांगा, पण एकट्या जाऊ नका. वर्गशिक्षकांना आधी भेटा, आणि मुलाचं नाव न घेता सुरुवात करा: शाळेसमोर ठेला आहे, पोरं खात आहेत. तुमचा एकटाच असणार नाही. २०१९ च्या पाहणीत देशातल्या १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. नाव काढून प्रश्न सुटत नाही हे शिक्षकांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं. कोणी नाव काढायची भाषा केलीच, तर मुख्याध्यापकांकडे चार पालक मिळून जा.

राहिला ठेला. २००३ च्या कायद्यानुसार शाळा-कॉलेजच्या १०० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९० मीटरमध्ये, तंबाखू विकता येत नाही, आणि १८ वर्षांखालच्या मुलाला तर कुठेच नाही. त्याचा दंड २०० रुपयांपर्यंत, म्हणून कोणी भीत नाही. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमाप्रमाणे लहान मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. खर्र्यातली सुगंधित तंबाखू तर राज्यात २०१३ पासूनच बंद आहे. हे भांडण म्हणून सांगू नका. चुलत दीर आहेत ना, मग घरचा माणूस म्हणून यजमानांनीच जाऊन सांगावं: भाऊ, माझ्या पोराला देऊ नको, दुसऱ्याच्याही देऊ नको, आणि ठेला इथून हलव, मी सांगतो आहे तोवर बरं. नाही ऐकलं तर बचत गटातल्या बायांना घेऊन ग्रामसभेत विषय काढा. तुमच्या शेजारच्या गडचिरोलीत २०१६ पासून मुक्तिपथ अभियान चाललं आहे, तिथे गावोगावच्या बायांनी दारू-तंबाखूविरुद्ध हेच केलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचा पुतळा गावाबाहेर नेताना आपण "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणतो. यंदा त्या हाळीत खर्रा घालायला कोणाची परवानगी लागत नाही.

पण हे सगळं पुढचं. डॉक्टरांकडे जाऊन आलात की मला दोन ओळी लिहा. तीन बोटं गेली का ते लिहा. त्याचे बाबा बरोबर आले का, तेही लिहा. मी वाट बघते.

तुमची मावशी