रातकिडा नक्की कुठं लपलाय?

प्रश्न: मॅडम, नमस्कार. आठ दिवस झाले, आमच्या स्वयंपाकघरात एक रातकिडा शिरलाय. रात्री लाईट घालवली की याचं किर्रर्र सुरू. सासूबाईंचा डोळ्याला डोळा लागत नाही. मिस्टर म्हणतात फ्रिजमागं आहे, मुलगा म्हणतो ओट्याखाली, मला तर माळ्यावर वाटतो. जवळ गेलं की गप्प. आम्हा तिघांना बॅटरी घेऊन सापडेना, मग मादीला तो अंधारात कसा सापडतो?
— एक गृहिणी, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर: ताई, तिघांनी तीन जागा दाखवल्या यात कुणाच्याच कानाचा दोष नाही. हा सूरच माणसाला चकवणारा आहे.

आवाज उजवीकडून आला तर तो उजव्या कानाला जरा आधी पोचतो, आणि मध्ये डोकं येत असल्यामुळं डाव्या कानाला थोडा मंद ऐकू येतो. या दोन खुणांवरून आपण दिशा ठरवतो. जाड, घुमणाऱ्या आवाजाला पहिली खूण कामाला येते, अगदी बारीक आवाजाला दुसरी. मधल्या पट्ट्यात दोन्ही लंगड्या पडतात. १९३६ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या स्टीव्हन्स आणि न्यूमन यांनी गच्चीवर उंच खुर्चीत माणसं बसवून हे तपासलं. सेकंदाला तीन हजार कंपनांच्या आसपासचा एकसुरी स्वर असला की लोक दिशा सांगताना सगळ्यात जास्त चुकत होते. रातकिड्याचा सूर साधारण पाच हजारांचा, म्हणजे त्या पट्ट्याच्या थोडा वर. त्यात तो शिट्टीसारखा एकसुरी, आणि स्वयंपाकघरात फरशी, टाईल्स, स्टीलचे डबे. प्रत्येकावर आपटून तोच सूर परत येतो. मुलाला ओट्याखालून ऐकू आला तो भास नव्हे. तिथून परतलेला आवाज खरोखरच त्याच्या कानात गेला.

जवळ गेल्यावर तो गप्प होतो तेही ऐकून नव्हे. त्याच्या मागच्या टोकाला शेपटीसारखे दोन काटे असतात, त्यांवर बारीक लव असते. तुमच्या हालचालीनं हवा जराशी हलली तरी त्या लवेला कळतं, आणि पावलांची थरथर पायांतून कळते ती वेगळीच.

आता मादी. पहिली गोष्ट ही की गातो तो नर, आणि तोही पाय घासून नव्हे. पाय पंखाला घासणारे ते नाकतोडे. रातकिड्याच्या एका पुढच्या पंखाच्या खालच्या अंगाला करवतीसारखे दाते असतात, दुसऱ्या पंखाची कड त्यांवरून फिरते. मादी मुकी. तिला ओळखायची खूण म्हणजे मागं सुईसारखी लांब नळी, मातीत अंडी घालायची. आणि तिचे कान कुठं? पुढच्या दोन पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली.

मी ही गोष्ट वर्गात सांगायचे तेव्हा मुलं हसायची. मला मात्र दरवर्षी सांगताना नव्यानं नवल वाटायचं, कारण पुढचा प्रश्न खरा अवघड आहे. तिच्या दोन कानांत अंतर जेमतेम एक सेंटिमीटर. पाच हजार कंपनांच्या सुराची एक लाट सात सेंटिमीटर लांब. एवढ्या लाटेसमोर तिच्या इवल्याशा शरीराचा आडोसा काय होणार? दोन्ही पायांवर आवाज जवळजवळ सारखाच पडतो, आणि पोचण्यातला फरक सेकंदाच्या एक लाखाव्या भागाच्या तिप्पट. म्हणजे आपल्या दोन्ही खुणा तिला बंद.

मग तिच्या शरीरानं वेगळी वाट काढली आहे. दोन्ही पायांतल्या कानांपासून श्वासनळ्या निघतात, छातीत एकमेकींना भेटतात आणि छातीच्या दोन्ही बाजूंना भोकांनी बाहेर उघडतात. त्यामुळं कानाच्या पडद्यावर आवाज बाहेरून पडतो आणि आतल्या नळीतून पाठीमागूनही पडतो. नर डावीकडं असेल तर डाव्या पडद्यावर हे दोन्ही आवाज एकमेकांना जोर देतात. उजव्या पडद्यावर एकमेकांना मारतात. बाहेर नसलेला फरक तिनं अंगातच तयार केला. आणि हे गणित बसतं ते तिच्याच जातीच्या नराच्या सुरापाशी. सूर फार चढला किंवा उतरला की नळ्यांचा मेळ बिघडतो.

हे मला पुस्तकातून नव्हे तर एका रात्री उतरलेल्या सेलमुळं पटलं. १९८६ सालची गोष्ट, मी नुकतीच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागले होते. दसऱ्यानंतर वडणग्याला मामांच्या मळ्यात गुऱ्हाळ लागलं होतं. पाचटाच्या ढिगात रातकिड्यांचा नुसता गजर. एक नर मी तिथंच टेपरेकॉर्डरवर रेकॉर्ड केला. दुसऱ्या रात्री चुलवाणापासून लांब, बांधावर तो टेप लावून कंदील झाकून बसले. पाऊण तासानं पाचटातून एक मादी बाहेर आली. चार पावलं चालायची, थांबायची. जरा डावीकडं भटकायची, मग उजवीकडं वळून वाट सुधारायची. अशी नागमोडी चालत ती टेपरेकॉर्डरच्या जाळीवर चढली आणि कितीतरी वेळ तिथंच मिशा हलवत राहिली. नर नव्हताच तिथं. मला तिची फार कीव आली.

तिसऱ्या रात्री सेल उतरत आले. टेप मंद चालू लागला, सूर खाली गेला, किर्र-किर्रमधलं अंतर वाढलं. अर्ध्या वाटेवर आलेली दुसरी एक मादी जागच्या जागी उभी राहिली, दोनदा वळली आणि पाचटात परत गेली. मामा म्हणाले, "तिला कळलं, हा आपल्यातला न्हवं." याहून नेमकं उत्तर मी आजवर ऐकलेलं नाही. मादी नुसता आवाज ऐकत नाही. सूर आणि त्याची लय, दोन्ही तपासते, मगच पाय उचलते.

पुढं वाचनात आलं की हा प्रयोग माझ्या आधी ७३ वर्षं एका शिक्षकानं केला होता. योहान रेगन मूळचे स्लोव्हेनियाचे, व्हिएन्नात शाळेत शिकवायचे. १९१३ साली त्यांनी नराला एका ठिकाणी टेलिफोनपुढं ठेवलं आणि त्याचा आवाज दुसऱ्या ठिकाणच्या रिसिव्हरमधून सोडला. मादी थेट रिसिव्हरकडं चालत आली. वास नाही, दर्शन नाही, फक्त आवाज. त्यांचं नाव वाचलं त्या दिवशी मला एखादा जुना सहकारी भेटल्यासारखं झालं.

तुमच्या पाहुण्याचं आता सांगते. पंखा आणि फ्रिज दहा मिनिटं बंद ठेवा. दोघं दोन कोपऱ्यांत खाली बसा, अजिबात हलू नका. तो गायला लागला की तळहात कानामागं वाटीसारखा धरा आणि मान हळूहळू फिरवा. जिकडं आवाज सर्वांत मोठा, तिकडं बोट. दोघांची बोटं जिथं मिळतील तिथं बॅटरी मारा. सापडल्यावर वर ग्लास पालथा घाला, खाली पोस्टकार्ड सरकवा आणि कुंड्यांत सोडून द्या. औषध मारू नका, एवढी विनंती. आठ रात्री तो तुमच्या घरात एकटा हाका मारतोय आणि भिंतींमुळं कुणाला पत्ता लागत नाहीये.

प्रश्न: संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला गेलं की बरोबर डोक्यावर डासांचा खांब फिरतो. चावत मात्र नाहीत. असं का?
— एक ज्येष्ठ नागरिक, कोल्हापूर

उत्तर: काका, तो खांब नरांचा. तळ्याकाठी त्यात डासांसारखे दिसणारे न चावणारे किडेही पुष्कळ असतात. उंच काहीतरी बघून नर त्यावर घिरट्या घालतात, तुमचं डोकं त्यांना खूण म्हणून सोयीचं पडतं. रक्त पिते ती डासाची मादी. नर फुलांच्या रसावर जगतो.

इथं रातकिड्याच्या उलट कारभार आहे. आवाज करते मादी, तोही फक्त उडताना पंखांचा, आणि शोधत जातो नर. त्याच्या मिशा पिसासारख्या झुबकेदार असतात. त्या हवेच्या कंपनांनी हलतात आणि मिशीच्या मुळाशी असलेलं इंद्रिय ते हलणं टिपतं. १८५५ साली क्रिस्टोफर जॉन्स्टन यांनी त्याचं वर्णन केलं, म्हणून ते जॉन्स्टनचं इंद्रिय. डेंग्यूच्या डासांत तर २००९ साली असं आढळलं की नर-मादी जवळ आले की दोघंही पंखांचा वेग बदलतात आणि त्यांच्या गुणगुणण्यातले वरचे स्वर एकमेकांशी जुळवून घेतात.

प्रश्न: मॅडम, मी नववीत आहे. पहिल्या मोठ्या पावसात आमच्या शेतात पिवळेजर्द बेडूक येतात आणि रात्रभर ओरडतात. एवढं ओरडल्यावर शत्रूला कळत नाही का? आणि एवढ्या गोंधळात मादीला एकच बेडूक कसा ऐकू येतो?
— एक विद्यार्थी, गारगोटी

उत्तर: बाळा, कळतं. म्हणूनच तुझा प्रश्न मला फार आवडला. पनामाच्या जंगलात एक वटवाघूळ बेडकांच्या हाकेवरूनच बेडूक पकडतं. मर्लिन टटल आणि मायकेल रायन यांनी हे १९८१ साली दाखवलं. तिथल्या टुंगारा बेडकाची साधी हाक लांबट असते. मागं 'चक्' असा तुकडा जोडला की माद्या जास्त येतात. वटवाघळंही जास्त येतात.

रातकिड्यांवर तर त्याहून वाईट प्रसंग आहे. ऑर्मिया नावाची एक माशी नराचं गाणं ऐकून अंधारात त्याच्यापर्यंत पोचते आणि अंगावर अळ्या सोडते. अळ्या आत शिरून त्याला खातात. तिच्या दोन कानांत अंतर अर्धा मिलिमीटर, पण दोन्ही पडदे तराजूच्या दांडीसारखे जोडलेले, एक खाली गेला की दुसरा वर. त्या दांडीच्या जोरावर ती एक-दोन अंशांपर्यंत अचूक दिशा धरते. हवाई बेटांपैकी काउआईवर या माशीनं एवढा उच्छाद मांडला की मार्लीन झुक यांना २००३ साली तिथले बहुतेक नर मुके आढळले. पंखांवरचे दातेच जवळजवळ नाहीसे. हे मुके नर उरल्यासुरल्या गाणाऱ्याच्या आसपास बसून राहतात आणि त्याच्याकडं निघालेल्या मादीला वाटेत गाठतात.

मग ओरडायचंच कशाला? कारण जो ओरडत नाही त्याचा पत्ता मादीला लागत नाही. आपल्याकडचाच एक फिकट हिरवा झाडरातकिडा बघ. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रोहिणी बालकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केलाय. काही नर पान कुरतडून मधोमध भोक पाडतात, त्यात बसतात आणि पंख पानाच्या पातळीत धरून गातात. पानामुळं आवाज दुप्पट-तिप्पट होतो. असं करणारे बहुतेक छोटे, मंद आवाजाचे. धिप्पाड नराला गरज पडत नाही.

आता गोंधळातलं ऐकणं. बेडकाचे कान म्हणजे डोळ्यांमागच्या गोल चकत्या. ते दोन्ही तोंडाच्या पोकळीतून आतून जोडलेले असतात. एका बाजूचा आवाज तोंडातून दुसऱ्या पडद्याच्या मागच्या अंगावर पोचतो. रातकिड्याच्या नळ्यांची युक्ती, फक्त मोठ्या मापात. शिवाय प्रत्येक जातीचे कान आपल्या हाकेच्या सुराला जास्त जागे असतात, त्यामुळं शेजारच्या जातीचा गलका निम्मा गळून जातो. उरलेल्यांत ती जोरकस, दमानं आणि न थांबता ओरडणारा निवडते. फार गलका झाला तर मात्र तिलाही जमत नाही. वाहनांच्या आवाजात वृक्षबेडकाच्या माद्यांना नराची हाक जास्त मोठी असली तरच ओळखू येते, असं प्रयोगांत दिसलंय. तेव्हा पहिल्या पावसाच्या रात्री शेताजवळ स्पीकर लावलेला दिसला तर तो बंद करायला सांग, माझं नाव सांगून सांग.

पुढच्या जूनमध्ये घरातलं मोठं माणूस बरोबर घे, पायांत बूट घाल आणि बांधावर बॅटरी बंद करून अर्धा तास बस. पिवळ्या, गळ्याशी निळे फुगे फुगवणाऱ्या नरांकडं सगळ्यांचं लक्ष जातं. तू त्यांच्याकडं बघू नकोस. काठाच्या गवतात मातकट रंगाची, गप्प बसलेली एखादी असेल, तिच्यावर नजर ठेव. किती वेळ ऐकत राहिली, किती उड्यांनंतर थांबली, जवळचा सोडून लांबच्याकडं गेली का, हे वहीत लिही आणि मला पाठव.